नसलेले दोन दात

"मास्तर, इंजिन मागं गेलं. सात दात."

आवाज कोवळा होता, पण त्यात खात्री होती. चोवीस वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला, तेलाच्या वासानं जड झालेल्या कार्यशाळेत तो उठला होता. आज सकाळी चहाच्या कपावरून वाफ निघावी तसा तो अलगद वर आला आणि मास्तरांच्या कानाशी येऊन उभा राहिला. जा म्हटलं तरी जाईना.

त्या आवाजाला आपण काय उत्तर दिलं होतं, तेही मास्तरांना लख्ख आठवत होतं. "तो हिसका असतो. इंजिन थांबताना हिसका देतंच. हिसका मोजत नसतात." मग वर्गाकडे वळून ते म्हणाले होते, "ऐकलंत का रे? आपल्याकडे एक उलटबाई आलीय. तिचं इंजिन उलटं चालतं." वर्ग खो खो हसला. पोरीला त्या दिवसापासून तेच नाव चिकटलं. हजेरीच्या वेळीसुद्धा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच पुकारायचं, "उलटबाई हजर."

एवढं त्यांना आठवत असे. किंवा एवढंच ते आठवू देत असत.

मास्तरांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. ज्या हातांनी हजारो पोरांना इंजिन उघडायला आणि जोडायला शिकवलं, ते हात आता कुंड्यांना पाणी घालत. शेजाऱ्याच्या पंख्याचा आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय" असं सांगावं, तर शेजारी नवीन पंखाच आणून मोकळा होई. कुणी काही विचारत नाही, याचं दुखणं असं असतं की ते दाखवायला अंगावर जागा सापडत नाही.

म्हणून महिन्यापूर्वी दार वाजलं आणि सुटाबुटातला एक गृहस्थ विटेएवढी जाड फाईल घेऊन आत आला, तेव्हा मास्तरांना आधी बरंच वाटलं.

"मास्तर, ओळखलंत का?"

"चेहरा नाही. आवाज ओळखला. मागच्या बाकावरून यायचा."

गृहस्थ मोठ्यानं हसला. तो आता पेटंटचा वकील झाला होता, एका मोठ्या इंजिन कंपनीचा. कंपनीनं कुणाच्या तरी पेटंटवर हरकत घेतली होती, आणि त्या कुणाचं तरी नाव ऐकल्यावर मास्तरांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. उलटबाई.

"तिनं केलंय तरी काय?" मास्तरांच्या बायकोनं विचारलं. तिची सारी नोकरी त्याच संस्थेच्या भांडारात गेली होती. पाने, खडू, फडकी लिहून द्यायची आणि लिहून परत घ्यायची. संस्थेतली कुठलीही गोष्ट तिच्या वहीतून गेल्याशिवाय हलत नसे.

मास्तरांनीच सांगितलं. शिकवायची संधी ते सोडणार थोडेच! क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा. त्याच्या टोकाला दात्यांचं चाक. चाकाशेजारी एक सेन्सर बसवलेला, अंगठ्याएवढा. दात समोरून गेला की तो एक ठोका मोजतो. जागा साठ दातांची, पण दोन मुद्दाम गाळलेले. ती मोकळी जागा आली की इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळतं, इथून मोजणी सुरू. पोरांच्या लक्षात राहावं म्हणून मास्तरांनी त्यावर दोन ओळी जुळवल्या होत्या. सारा वर्ग त्या चालीवर म्हणायचा, पाना टेबलावर ठोकत ठोकत:

अठ्ठावन्न हाती आले, दोन गेले वाया,
त्याच दोन दातांवरी उभी चाकाची काया.

"आता गोम अशी," मास्तर म्हणाले, "की इंजिन बंद होताना आतली दाबलेली हवा दांड्याला जराशी मागं ढकलते. सेन्सर बिचारा दात आला की मोजतो. पुढं जाताना आला की मागं जाताना, त्याला काय ठाऊक? मोजणी चुकते. पूर्वी त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. आता गाड्या सिग्नलला आपोआप बंद होतात, आपोआप चालू होतात. मोजणी चुकली की गाडी अडखळते, थरथरते."

"आणि उलटबाईनं?"

"दात तिरपे केले," वकील म्हणाला. "एका बाजूनं उतरण, दुसऱ्या बाजूनं सरळ कडा. पुढं फिरलं तर ठोका झटकन चढतो आणि हळू उतरतो. मागं फिरलं तर हळू चढतो, झटकन उतरतो. ठोक्याच्या आकारावरून दिशा कळते. झालं! एवढंच. मास्तर, यात शोध कसला? करवतीचे दात आहेत हे."

करवत म्हटल्याबरोबर मास्तरांना आपला जुना धडा आठवला. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ते दरवर्षी पोरांच्या डोळ्यांना पट्टी बांधत आणि करवतीच्या पात्यावरून अंगठा अलगद फिरवायला लावत. "सांगा, दात कुणीकडे झुकलेत? डोळे फसवतात, अंगठा फसवत नाही." ती करवत त्यांची होती. तो धडा त्यांचा होता. आणि पेटंट मात्र तिचं!

मत्सराला मत्सर म्हणावं, एवढं धैर्य फार थोड्यांत असतं. मास्तरांनी त्याला न्याय हे नाव दिलं.

वकील पुढं सरकला. "कायद्यात एक माणूस असतो, मास्तर. कुशल कारागीर. खरा नसतो, मानलेला असतो. त्याला आपल्या धंद्यातलं सगळं माहीत असतं, सगळी पुस्तकं वाचलेली असतात, हात तयार असतो. पण कल्पकता तेवढी नसते. अशा माणसाला जे सहज सुचेल, त्याला पेटंट मिळत नाही. आम्हाला असा माणूस हवाय, जो उभा राहून सांगेल की हे सहज सुचण्याजोगं आहे. तुमच्याहून जवळचा कोण?"

"म्हणजे हेच की!" बायको हलकंच हसत म्हणाली. "सगळं माहीत, नवीन काही सुचत नाही."

तिघंही हसले. मास्तर सर्वांत शेवटी थांबले, आणि थांबल्यावर ते वाक्य कुसळासारखं आत राहिलं.

"एकच प्रश्न ते विचारतील," वकील निघताना म्हणाला. "इतकं सहज होतं, तर तुम्हाला का नाही सुचलं? काय सांगाल?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तशी अडचण कधी समोर आलीच नाही म्हणून."

"वा! हेच लिहितो."

आणि प्रतिज्ञापत्रात ते लिहिलं गेलं. एकविसावा परिच्छेद: सदर अडचण माझ्या अध्यापनाच्या काळात माझ्यासमोर कधीही उपस्थित झाली नाही. खाली मास्तरांची सही, त्यांच्या अक्षरासारखीच, सरळ आणि घट्ट.

आज दुपारी, म्हणजे सुनावणीच्या आदल्या दिवशी, बायकोनं ती प्रत वाचायला घेतली. भांडाराच्या सवयीनं ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत असे. बोट सरकत सरकत एकविसाव्या परिच्छेदापाशी आलं आणि तिथंच बसलं.

"अहो."

"काय?"

"हे वाक्य तुमचं की वकिलाचं?"

"माझंच. का?"

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "भांडारात रोज संध्याकाळी फडकी परत यायची. तुमच्या विभागाची काळीकुट्ट. तेलानं माखलेली, चिमटीत धरावी लागायची. चोवीस वर्षांपूर्वी एक दिवस तुमचं फडकं पांढरं आलं. खडूनं भरलेलं. मी मनात म्हटलं, हे आज इंजिनावर होते की फळ्यावर?"

मास्तर उठून कुंड्यांना पाणी घालू लागले.

"त्याच आठवड्यात ती पोर माझ्याकडे खडू मागायला आली होती. म्हणाली, मास्तरांनी दिलेला संपला, खुणा करायच्यात. मी म्हटलं, कसल्या खुणा गं? तर म्हणाली, मागं जाण्याच्या." बायकोनं चष्मा पुन्हा चढवला. "मी इतकी वर्षं विचारलं नाही. आजही विचारत नाही. तुमच्या कवळीतून दोन दात पडलेत, तेवढे बसवून घ्या उद्या जाण्याआधी. बोलताना हवा जाते."

"अगं, विषय कुठला आणि तू..."

"विषय तोच आहे," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मास्तरांनी माळ्यावरची पेटी काढली. तळाशी ती करवत होती, कापडात गुंडाळलेली. त्यांनी डोळे मिटले आणि पात्यावरून अंगठा फिरवला. एकीकडे जाताना दात वाट देत होते, दुसरीकडे जाताना अडवत होते. चाळीस वर्षं ही करवत त्यांच्या एका हातात होती आणि इंजिन दुसऱ्या हातात. दोन्ही हात एकाच माणसाचे. पण टाळी कधी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी पेटंट कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक मार्गिकेत मास्तर बाकावर बसले होते. भिंतीला फिकट हिरवा रंग, दारांवर क्रमांक, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. वकील फोनवर बोलत येरझारा घालत होता. जिन्याकडून पावलं वाजली आणि एक बाई समोर येऊन थांबली. कानशिलांवर पिकलेले केस, नखांच्या कडेला न जाणारं काळं तेल. मास्तरांनी आधी नखं ओळखली, मग चेहरा.

"मास्तर, जिन्यानं आलात? गुडघे कसे आहेत? तिकडे लिफ्ट होती."

"तुला कसं कळलं जिन्यानं आलो ते?"

"श्वासावरून. ठोका झटकन चढतोय, हळू उतरतोय."

मास्तरांना हसू फुटलं, नको असताना. ती शेजारी बसली. मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते उलगडलं. चाक. खरंखुरं, तिच्या छोट्या कारखान्यात कापलेलं.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"चल! माझा धडा मलाच?"

"मिटा तर."

त्यांनी मिटले. तिनं त्यांचा अंगठा चाकाच्या कडेवर ठेवला. त्यांनी तो पुढं नेला, दात निसटत गेले. मागं आणला, कडा अडल्या. पुढं, मागं. फिरता फिरता अंगठा एकदम पोकळीत पडला. दोन दात नव्हते तिथं.

"करवत," ते पुटपुटले.

"तुमचीच. मी तसं लिहिलंय पेटंटच्या अर्जात. पान तीन. हा गुण मला विद्यार्थिदशेत हातकरवतीवरून कळला, असं. आमच्या वकीलबाई रागावल्या. म्हणाल्या, समोरच्याच्या हातात कशाला कोलीत देता? मी म्हटलं, खरं आहे ते आहे."

मास्तरांनी डोळे उघडले. "माझं प्रतिज्ञापत्र वाचलंस?"

"वाचलं."

"एकविसावा परिच्छेद?"

"वाचला."

"मग तुझ्या वकीलबाईंना सांगितलं नाहीस?"

तिनं चाकावरून हात फिरवला, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "काय सांगू, मास्तर? इतकी वर्षं झाली. इतकी पोरं आली नि गेली. तुम्ही विसरला असाल, असं मी धरून चालले. विसरणं काही खोटं बोलणं नव्हे." मग जरा हसली. "पण त्या दिवशी चाकावर खडूनं केलेली खूण दुसऱ्या सकाळी जाऊन पाहिली तर नव्हती. मला आजही वाटतं, कुणीतरी झाडू मारताना गेली असेल. मग माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. सहाच होते की काय? की खरंच नुसता हिसका? परत हा विषय हातात घ्यायला मला बारा वर्षं लागली."

बारा वर्षं. मास्तरांना वाटलं, कुणीतरी आपल्याच अंगठ्यावरून करवत ओढली. तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायानं पुकारा केला.

सुनावणीची खोली लहान होती. एक लांब टेबल, मधोमध निर्णय देणारे अधिकारी, एका बाजूला कंपनीचा वकील, दुसऱ्या बाजूला उलटबाई आणि तिच्या वकीलबाई. वकीलबाई वयस्क, चष्मा गळ्यात दोरीनं बांधलेला. कोपऱ्यात टंकलेखक, प्रत्येक शब्द टिपणारा. आजच्या दिवसात ठरणार होतं एवढंच, की तिचा शोध हा शोध आहे की कुणालाही सुचेल अशी गोष्ट. तसं ठरलं, तर उद्यापासून तिचे दात कुणीही कापू शकेल, आणि तिच्या चोवीस वर्षांना नाव उरणार नाही.

कंपनीच्या वकिलानं सुरुवात केली. जुनं दात्यांचं चाक दाखवलं, करवतीचं चित्र दाखवलं, अर्जाचं पान तीन वाचून दाखवलं. मग विचारलं, "मास्तर, या क्षेत्रातल्या कुशल कारागिरासमोर हे दोन्ही ठेवलं, तर तिरपे दात हे त्याला सहज सुचलं असतं?"

"सुचलं असतं," मास्तर म्हणाले. घरून पाठ करून आणल्यासारखं ते बाहेर पडलं. दोन दात नसल्यामुळे त्यातली हवा शिट्टीसारखी वाजली. टंकलेखकानं वर पाहिलं.

"धन्यवाद." वकील समाधानानं बसला.

मग वकीलबाई उठल्या. उलटतपासणी. शब्द कानावर पडला आणि मास्तरांना मनात कुठंतरी वर्ग हसल्यासारखा ऐकू आला.

"मास्तर," बाई शांतपणे म्हणाल्या, "असतं हा शब्द फार सोयीचा. असतं म्हटलं की काही घडावं लागत नाही. जमलं असतं, गेलो असतो, सुचलं असतं. नाही का?"

"हो."

"उत्तर माहीत असलं की प्रश्न सोपा वाटतो. हरवलेली किल्ली सापडली की आपण म्हणतो, अरे, इथंच तर होती. म्हणून मी असतं विचारत नाही, होतं विचारते. करवत तुमच्याजवळ होती?"

"होती."

"इंजिन होतं?"

"होतं."

"शिकवण्याचा अनुभव चाळीस वर्षांचा होता. म्हणजे कायद्यातला तो मानलेला कारागीर जर कधी हाडामांसाचा झाला असेल, तर तो तुम्हीच. मग तुम्हाला सुचलं होतं?"

कंपनीचा वकील जागेवरूनच म्हणाला, "परिच्छेद एकवीस पाहावा. अडचणच समोर आली नव्हती."

"पाहिलाय," बाई म्हणाल्या. "त्यावर माझ्याजवळ पुरावा काही नाही. मास्तर एवढं म्हणाले की तो खरा आहे, तर मी बसते."

खोली थांबली. इंजिन बंद केल्यावर चाक थांबतं तशी. आणि मास्तरांना आतून तो जुना हिसका जाणवला, मागं ढकलणारा. चोवीस वर्षं त्यांनी तो मोजला नव्हता.

त्यांनी उलटबाईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. खाली मांडीवरच्या चाकाकडे पाहत होती, अंगठा त्या मोकळ्या जागेत ठेवून. मास्तर विसरलेत असंच राहू द्यावं म्हणून ती जणू दार उघडं ठेवून बाजूला झाली होती. आत जायला कितीशी पावलं? एक शब्द. हो, खरा आहे.

"मास्तर?" अधिकारी म्हणाले.

"लिहून घ्या," मास्तर टंकलेखकाला म्हणाले. "सावकाश सांगतो. एकविसावा परिच्छेद खरा नाही."

"मास्तर!" वकील अर्धा उठला.

"बस रे. मागच्या बाकावरून तूही हसला होतास." मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला आणि वकील खरोखरच बसला. "अडचण माझ्यासमोर आली होती. या मुलीनं आणली होती, हातात खडू घेऊन. मी म्हणालो, तो हिसका आहे, हिसका मोजत नसतात. मला सुचलं नव्हतं. सुचायला आधी बघावं लागतं, आणि जे बघायचं त्याचीच मी थट्टा केली. करवत माझी, खरं. पण करवत तर सगळ्या वर्गानं चाचपली होती."

टंकलेखकाची बोटं तेवढी वाजत होती.

"आणखी काही सांगायचंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मास्तर तिच्याकडे वळले. टेबल, अधिकारी, हिरव्या भिंती, सगळं मागं गेलं. पुढं राहिली फक्त ती, अठरा वर्षांची, खडूनं पांढरी झालेली बोटं घेऊन.

"तुझी खूण झाडूनं नाही गेली, पोरी. वर्ग सुटल्यावर मी एकटाच थांबलो होतो. इंजिन चालू केलं, बंद केलं. तीनदा. मग फडकं घेतलं आणि खूण पुसली." त्यांनी श्वास घेतला. तो चढला आणि हळूहळू उतरला. "पण पुसण्याआधी मोजले होते मी. सातच होते."